सुरक्षेची भाषा आणि दोन याद्या

समीक्षा करावयाची ती कविता-कादंबऱ्यांची, हा समज पांढरपेशा साहित्यव्यवहाराने आपल्या गळी उतरवला आहे. ज्या समाजाचे आयुष्य शतकानुशतके दप्तरातल्या नोंदींनी ठरवले, त्या समाजाच्या समीक्षकाने दप्तराचीही समीक्षा केली पाहिजे. तलाठ्याचा उतारा, फौजदाराचे रजिस्टर, कलेक्टरचा आदेश, मंत्र्याचे सभागृहातले निवेदन हेही एक वाङ्मय आहे. त्यालाही शैली असते, नायक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो आणि गाळलेली माणसे असतात. अशाच एका वाङ्मयाचा, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या वाङ्मयाचा, विचार मी या लेखात करणार आहे. त्याचे आजचे परवलीचे शब्द दोन आहेत. एक तंत्रज्ञान आणि दुसरा समन्वय. यंत्रे आणा, खाती एकत्र जोडा, म्हणजे देश सुरक्षित होईल, असे हे वाङ्मय आपल्याला सांगते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत ‘होमलँड सिक्युरिटी’ हा शब्द राज्यकारभारात रूढ झाला. २००२ साली त्या नावाचा कायदा झाला आणि बावीस निरनिराळ्या सरकारी यंत्रणा एकत्र करून नवे खाते उभे करण्यात आले. या शब्दाचे सरळ मराठी केले तर ‘मायभूमीची सुरक्षा’ असे होईल. ते वाचताच आपल्यापैकी प्रत्येकाला १४ ऑगस्ट १९३१ हा दिवस आठवेल. त्या दिवशी मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना सांगितले होते की, आपल्याला मायभूमी नाही. ज्या समाजाच्या नेत्याला असे सांगावे लागले, त्या समाजाने मायभूमीच्या सुरक्षेचा अर्थ काय लावावा? संविधानाने आपल्याला नागरिक केले, हे खरे. परंतु सुरक्षेच्या दप्तरात हा नागरिक कोणत्या पानावर नोंदलेला आहे, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. राज्यसंस्थेजवळ दोन याद्या असतात. ज्यांच्यापासून रक्षण करावयाचे त्यांची पहिली, आणि ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांची दुसरी. तळातल्या माणसाचे नाव पहिल्या यादीत फार लवकर चढते आणि दुसऱ्या यादीत फार उशिरा चढते, किंवा चढतच नाही. यंत्र नवे आले आणि खाती जवळ आली, तरी यादी कोण करतो हा प्रश्न बदलत नाही.

हा प्रश्न तपासण्यासाठी मावळासारखा तालुका क्वचित सापडेल. सुरक्षेच्या इतक्या यंत्रणा इतक्या जवळ जवळ नांदताना मी दुसरीकडे पाहिलेल्या नाहीत. लोणावळ्याला नौदलाचे आयएनएस शिवाजी हे अभियांत्रिकी शिक्षणाचे केंद्र आहे. ते १९४५ साली सुरू झाले. अणू, जैविक आणि रासायनिक हल्ल्यांना तोंड देण्याचे शिक्षण तेथे मिळते आणि त्यासाठी ‘अभेद्य’ नावाची खास सोय २०१९ मध्ये उभी झाली. तळेगाव दाभाडे येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे. सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन आहे. घाटातून जाणाऱ्या लोहमार्गाला रेल्वेचे स्वतंत्र पोलीस आहेत. एक्स्प्रेस वेवर २०२४ पासून गाड्यांचा वेग आणि नंबर टिपणारी कॅमेऱ्यांची व्यवस्था चालू झाली आहे. शिवाय हा तालुका दोन पोलीस दलांत वाटला गेला आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा तळेगाव दाभाडे तिकडे गेले; वडगाव, कामशेत आणि लोणावळा ही ठाणी पुणे ग्रामीणकडे राहिली. म्हणजे समन्वयाचा धडा शिकण्यासाठी लागणारे सर्व साहित्य येथे हाताशी आहे.

मी यंत्राच्या विरोधात नाही आणि खात्यांनी एकमेकांशी बोलू नये असेही म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ माणसे मेली. समुद्रमार्गाने हल्ला होऊ शकतो असे इशारे आधी आलेले होते; पण माहिती एका टेबलावर, अधिकार दुसऱ्या टेबलावर आणि बंदूक तिसऱ्या ठिकाणी अशी अवस्था होती. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाला हरियाणातील मानेसरहून यावे लागले. राम प्रधान समितीने या उणिवांची चौकशी केली. त्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली, मुंबईत सुरक्षा रक्षक दलाचे केंद्र आले, देशभरची पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची सीसीटीएनएस ही योजना २००९ मध्ये मंजूर झाली आणि निरनिराळ्या खात्यांकडची माहिती एका जागी शोधता यावी म्हणून नॅटग्रिडची कल्पना पुढे आली. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटांवर आणि आवारात जे मेले त्यांत गावाकडे निघालेले गरीब प्रवासी होते. त्यांचा जीव वाचवू शकेल अशा यंत्राला नाके मुरडणे ही चैन आपल्याला परवडणारी नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. जोडलेली यंत्रणा कोणाकडे पाहते आणि कोणाकडे पाहायचे विसरते?

सुरक्षा हा विषय आपल्या समाजाला नवा नाही. गावगाड्यात राखणीचे काम कोणाकडे होते? गावाची वेस राखायची, रात्री गस्त घालायची, सरकारी टपाल आणि खजिना पुढच्या गावी पोचवायचा, शिवेचा तंटा झाला तर साक्ष द्यायची, ही कामे महारांकडे होती. रामोशी जागल्या होता. मावळातले लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले बखरींत राजांच्या आणि सरदारांच्या नावाने येतात; त्यांच्या घेऱ्यातला पहारा करणाऱ्यांना नाव नाही. ज्याने गाव राखले त्याला गावात राहता आले नाही, ही या व्यवस्थेची मेख होती. त्याचे रक्षण करणे हे कोणाचेच काम नव्हते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या फुकटच्या राबणुकीला हात घालण्यासाठीच. आज लोणावळ्याच्या बंगल्यांच्या फाटकावर शिटी घेऊन बसलेला पोरगा पाहिला की, वतन गेले तरी पहारा कोणाच्या वाट्याला राहिला हे ध्यानात येते. माझ्या वर्गात असे दोघेजण आहेत. रात्री बंगला राखतात आणि सकाळी पहिल्या तासाला पेंगतात. बंगल्यात कॅमेरा आहे. तो चोरावर जितका रोखलेला आहे, तितकाच पहारेकऱ्यावरही रोखलेला आहे.

इंग्रजी राज्याने गावगाड्याच्या या रचनेला कायद्याची आणि शास्त्राची जोड दिली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हा पहिल्या यादीचा मूळ ग्रंथ होय. माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याचे नाव रजिस्टरात घातले गेले. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले आणि या रजिस्टराला तंत्रज्ञान मिळाले. ठशांचे वर्गीकरण करण्याचे अवघड काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी माणसांनी केले. पद्धतीला नाव मात्र साहेबाचे, हेन्रीचे, पडले. पुढे वसाहती आल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसे ठेवली आणि गिरणीत कामाला लावली. पाटील, फौजदार, सेटलमेंटचा अधिकारी आणि गिरणीमालक यांचे जे साटेलोटे तेथे जमले, त्याला आजच्या भाषेत आंतरविभागीय समन्वय म्हणतील. हा समन्वय उत्तम चालला, कारण ज्याच्याविरुद्ध तो चालला त्याला तक्रार करायला जागाच नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागे राहिले आणि ठाण्यातली वही तशीच राहिली.

या वहीची समीक्षा मराठी साहित्यात कोणी केली? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि दोन पिढ्यांना वाचनाचे वेड लावले. रहस्यकथेचा स्वभावच असा की वाचक डिटेक्टिव्हच्या खांद्यावरून पाहतो. संशयित हा त्याच्या दृष्टीने कोड्याचा एक तुकडा असतो. वाचकाने स्वतःला संशयिताच्या जागी ठेवून पाहावे, अशी सोय त्या घाटातच नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली ‘फकिरा’त कॅमेरा फिरवला, असे मी म्हणेन. तेथे हजेरी आहे, पण ती घेणाऱ्याच्या नजरेतून न येता देणाऱ्याच्या पायांतून येते. माणसाला रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी उभे राहून आपण येथेच आहोत हे सिद्ध करावे लागते, तेव्हा त्याची शेती, मजुरी, लग्नकार्य आणि मयत यांचे काय होते, हे अण्णा भाऊंनी दाखवले. १९८७ साली आलेल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने पुढचे काम केले. कायदा जाऊन दशके लोटली तरी पोलीस त्याच घरात का शिरतात, या प्रश्नाला त्या पुस्तकाने तोंड फोडले. १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पांढरपेशा वाचक हळहळला. परंतु हळहळ ही समीक्षा होत नाही. ‘उचल्या’ हे पहिल्या यादीतल्या माणसाने यादी करणाऱ्याला दिलेले लेखी उत्तर आहे, म्हणून ते साहित्याच्या विद्यार्थ्यांइतकेच पोलीस अकादमीत वाचले गेले पाहिजे.

आता वहीच्या जागी संगणक आला आहे. १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा रद्द होऊन २०२२ मध्ये नवा कायदा आला. बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांची छायाचित्रे, सही, हस्ताक्षर आणि शारीरिक नमुने घेण्याची मुभा त्याने दिली, आणि ही मापे ७५ वर्षे जपून ठेवण्याची तरतूद केली. माणूस निर्दोष सुटला तर माहिती नष्ट करावी असेही कायदा म्हणतो, पण न्यायालय किंवा दंडाधिकारी कारणे नोंदवून ती ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. महाराष्ट्र पोलिसांजवळ ठसे, चेहरा आणि डोळे जुळवून पाहणारी अँबिस नावाची यंत्रणा आहे. गुन्हा शोधण्यासाठी तिचा उपयोग होतो, हे मान्य. परंतु जुळवायचे तर आधी काहीतरी साठवलेले असावे लागते. तो साठा कोणाच्या बोटांचा आहे? अटक वारंवार कोणाला होते? ज्या वस्तीत पोलीस आधी जातात त्या वस्तीचे ठसे आधी जमतात. ज्या वस्तीचे ठसे जमलेले असतात त्या वस्तीकडे यंत्र पुन्हा बोट दाखवते. मग आकडा म्हणतो की गुन्हेगारी तेथेच आहे.

यंत्राला जात नसते, असे मला माझे सहकारी सांगतात. ते खरे आहे. तराजूलाही जात नसते. पण पारड्यात काय टाकायचे हे तराजू ठरवीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दोनदा या दुखण्यावर बोट ठेवले. मे महिन्यात दिलेल्या एका निकालात, पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये मागास आणि वंचित समाजांतील निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे घातली जाऊ नयेत, अशी चिंता न्यायालयाने व्यक्त केली. ३ ऑक्टोबरला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगाच्या नियमपुस्तकांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी आणि विमुक्त जमातींवरचा शिक्का न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. १९५२ ते २०२४ म्हणजे बहात्तर वर्षे. इतका काळ ती भाषा तुरुंगाच्या पुस्तकात सुखाने नांदत होती. पुस्तकातील ओळ खोडता येते. संगणकाच्या सवयीत मुरलेली ओळ कोण खोडणार?

येथे अंगठ्याबद्दल दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील अंगठा उठवीत. सावकाराच्या कागदावर अंगठा, मजुरीच्या पत्रकावर अंगठा, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही अंगठाच. मी सही करायला शिकलो तेव्हा घरात सण झाला होता, कारण अंगठ्यातून सुटका हीच आमची साक्षरतेची व्याख्या होती. आता अंगठा सन्मानाने परत आला आहे. रेशनच्या दुकानात, बँकेत, कचेरीच्या हजेरीला सर्वत्र अंगठा. मात्र एक फरक पडला आहे. आयुष्यभर खडी फोडलेल्या, भात लावलेल्या, धुणीभांडी केलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. रेशनच्या रांगेत म्हातारी माणसे पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा काचेवर टेकवतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जे तंत्रज्ञान पहिल्या यादीसाठी इतके तल्लख आहे, ते दुसऱ्या यादीपाशी येताच आंधळे होते. श्रमाने झिजलेले बोट ओळखता न येणे हा यंत्राचा दोष आहे. पण उपाशी परत जाते ते बोट.

दुसऱ्या यादीचा खरा हिशेब सह्याद्रीच्या पावसात लागतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. महादेव कोळ्यांचे गाव. १५१ माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता कोणत्याही उपग्रहाने किंवा नियंत्रण कक्षाने आणली नाही. त्या मार्गावरच्या एस.टी.च्या चालकाला रोजचे गाव दिसले नाही, तेव्हा जगाला कळले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. लोणावळ्याचा घाट उतरून गेले की एक्स्प्रेस वेवरून इर्शाळगड दिसतो, त्याच्या अंगावरची ही ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबला. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून यंत्रे चढली नाहीत. हवा खराब होती, म्हणून हेलिकॉप्टर उडाले नाही. जवानांनी, गिर्यारोहकांनी आणि गावकऱ्यांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. चढताना अग्निशामक दलातील एका कर्मचाऱ्याला मृत्यू आला.

या माणसांच्या शर्थीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मला वाचायचे आहे ते त्यानंतरचे निवेदन. विधानसभेत सरकारने सांगितले की, दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. अंतर्गत सुरक्षेच्या वाङ्मयातले हे सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे असे मी मानतो, कारण माझ्या लेखाचे सारे प्रतिपादन त्यात आले आहे. यादीत नाव नव्हते. वाक्याला कर्ता नाही. यादी कोणी केली, कोण पाहणीला गेले, वाडीतल्या माणसाला कोणी विचारले, यातले काही त्या वाक्यात येत नाही. जणू यादी ही पावसासारखी आपोआप पडणारी गोष्ट आहे. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याच्या रस्त्याला वर्षभरात असे डोळे बसले की, ताशी मर्यादेपेक्षा किंचित वेगाने गेलेल्या मोटारीचा नंबर, वेळ आणि जागा टिपून दंडाची पावती घरी जाते. मोटारीची नोंद होते. वाडीची होत नाही.

मावळातही हेच दिसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या परिसरात पुण्याच्या एका कुटुंबातील पाच जण धबधब्याच्या लोंढ्यात वाहून गेले. शोधासाठी नौदलाचे पाणबुडे आले, पोलीस आले, लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते आले. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघे मेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता, नव्या पुलाला पैसे मंजूर होते. एनडीआरएफचे जवान जवळच्या सुदुंबऱ्याचे, ते लगोलग पोचले. पण पूल पडण्याआधी त्यावरची माणसे उतरवणे हे कोणाचे काम होते? फलक लावला की एका खात्याचे काम संपते, पैसे मंजूर केले की दुसऱ्याचे, आणि बंदोबस्त नेमला की तिसऱ्याचे. आपल्याकडे समन्वय सुरू होतो तो मृतदेहापाशी. त्याआधी प्रत्येक खाते आपापल्या हद्दीच्या दगडावर बसून असते. भुशीला किंवा कुंडमळ्याला बळी जातीने निवडले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. दुसरी यादी कच्ची ठेवायची सवय लागली की आधी वाडीतला माणूस मरतो आणि मग कोणीही मरतो.

ज्यांच्याकडून हा शब्द आला त्यांचीही गोष्ट वेगळी नाही. बावीस यंत्रणा एकत्र केल्यानंतर तीनच वर्षांनी, २९ ऑगस्ट २००५ रोजी, कॅटरिना वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. आपत्तीनिवारणाचे खाते तोवर होमलँड सिक्युरिटीच्या पोटात गेले होते. न्यू ऑर्लिन्समध्ये ज्यांच्याजवळ मोटारी होत्या ते शहर सोडून गेले. मागे राहिलेल्यांत गरीब काळी माणसे मोठ्या संख्येने होती. पाणी आणि अन्न त्यांच्यापर्यंत पोचायला दिवस लागले. त्याच माणसांचे वर्णन वृत्तपत्रांतून लुटारू म्हणून मात्र ताबडतोब झाले. बुडणारा माणूसही आधी पहिल्या यादीत जातो, हे मावळपासून मिसिसिपीपर्यंत सारखेच आहे.

याउलट, राज्यसंस्थेला त्वरा करायची असते तेव्हा ती करू शकते. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात मावळचे शेतकरी बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे मेले, त्यांत एक बाई होती. सकाळी रस्ता अडला आणि त्याच दिवशी गोळी पोचली. माळीणचा डोंगर मात्र बोलून दाखवू शकला नाही. पुढे १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. बोललेल्या व लिहिलेल्या शब्दांना, खुणांना आणि चित्रांनाही त्यातील बेकायदा कृत्यांच्या व्याख्येत जागा आहे. शीर्षकातला ‘जन’ कोणता आणि कलमातला ‘जन’ कोणता, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावे. शीर्षकातल्या जनाचे रक्षण करायचे आहे आणि कलमातल्या जनापासून करायचे आहे. मोर्चा काढणारा कार्यकर्ता, पथनाट्य करणारा विद्यार्थी, कविता लिहिणारा मास्तर यांनी आपण कोणत्या जनात मोडतो याचा विचार आजच करून ठेवावा.

आता आपल्या साहित्याकडे वळतो. दलित साहित्याने पोलीस ठाणे लिहिले, लॉकअप लिहिला, हजेरी लिहिली. हे त्याचे ऋण मराठी भाषेवर आहे. परंतु नियंत्रण कक्ष त्याने अजून लिहिलेला नाही. फौजदाराच्या हातात पट्टा होता, म्हणून तो अनुभवाला आला आणि आत्मकथेत उतरला. आजचा पट्टा दिसत नाही. नोकरीच्या चौकशीत अडलेले नाव, जुळला म्हणून दाखवलेला चेहरा, जुळला नाही म्हणून नाकारलेले रेशन, यादीत नाही म्हणून गाडली गेलेली वाडी, यांच्या मागे हात कोणाचा हे अनुभवाला येत नाही. म्हणून यापुढे केवळ अनुभव सांगणारे लेखन अपुरे पडेल. फॉर्म वाचता आला पाहिजे, परिपत्रक वाचता आले पाहिजे, यादी कशी बनते हे विचारता आले पाहिजे. माहितीचा अधिकार वापरून मिळवलेला कागद हाही आपल्या पुढच्या पिढीच्या आत्मकथनाचा ऐवज होणार आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, आपल्या वाडीचे नाव तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात आहे का, ते आधी पाहून या आणि मग निबंध लिहा.

काय मागायचे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. पहिल्या यादीत नाव घालताना कारण लेखी द्यावे आणि ते खोडून घेण्याची वाट नागरिकाला असावी. निर्दोष सुटलेल्या माणसाची मापे खरोखर नष्ट झाली याचा दाखला त्याच्या हाती मिळावा. दुसरी यादी ग्रामसभेत वाचली जावी, आणि डोंगराला भेग पडली हे सांगणाऱ्या ठाकराच्या शब्दाला उपग्रहाच्या छायाचित्राइतके वजन असावे. खात्यांचा समन्वय पावसाआधी व्हावा आणि त्याचा जाब एका नाव असलेल्या अधिकाऱ्याने द्यावा. कर्ता नसलेली वाक्ये आता पुरे झाली.

यादी ही मुळात वाईट वस्तू नाही, याचा पुरावा मावळातच आहे. कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीची नावे खांबांवर आणि दारावर कोरलेली आहेत. धेनुकाकटाचे यवन तेथे आहेत, एक सुतार आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा एक गृहस्थ आहे. परका कोण आणि आपला कोण, धंदा हलका की भारी, याची विचारणा त्या नोंदीत नाही. माणसाने काय दिले तेवढे लिहिले आहे. राज्याच्या संगणकात आपले नाव जावे की न जावे, हा वाद आता संपला आहे. ते गेलेलेच आहे. कोणत्या यादीत गेले आणि कोणी घातले, हे विचारण्याचे काम उरले आहे. ते विचारणाऱ्याचे नाव पहिल्या यादीत जाण्याचा धोका आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही ते विचारावेच लागेल, कारण पावसाळा दर वर्षी येतो.